कृष्णाकाठच्या हद्दी आणि सांगलीचा पूल

नदी, तिच्यावरील देखणा पूल आणि पुलाच्या मध्यावर दोन राष्ट्रांची हद्द, असा योग जेथे जुळून येतो तेथे प्रवाशांची रीघ लागते. नायगारा धबधब्याच्या खालच्या अंगास कॅनडा आणि अमेरिका यांना जोडणारा रेनबो पूल आहे. पूल १९४१ साली वाहतुकीस खुला झाला. त्याच्यावर उभे राहून एक पाय एका देशात आणि दुसरा दुसऱ्या देशात ठेवल्याचे छायाचित्र काढून घेण्याची हौस अनेकांस असते. परदेशी गेलेल्या आपल्या मुलानातवंडांकडून असली छायाचित्रे पुष्कळ घरी येऊन पडली आहेत. ती पाहताना आमच्या मनात येते की, असले पूल आपल्याही अंगणात होते. आपण ते विसरलो, इतकेच. कृष्णा, वारणा, नीरा या सातारा-सांगलीच्या नद्या आज केवळ जिल्ह्यांच्या किंवा तालुक्यांच्या सीमा दाखवितात. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी त्या राज्यांच्या सीमा होत्या. एका काठावर एक कायदा आणि दुसऱ्या काठावर दुसरा.

प्रारंभ साताऱ्यापासून करणे योग्य होईल. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी २५ सप्टेंबर १८१९ रोजी छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी तह केला आणि साताऱ्याचे लहानसे राज्य निर्माण केले. त्याच्या सीमा ठरविताना इंग्रजांनी नकाशावर नद्यांचा आधार घेतला. उत्तरेस नीरा आणि भीमा, दक्षिणेस वारणा आणि कृष्णा, पश्चिमेस सह्याद्रीची रांग, अशी ती चौकट होती. पुण्याहून साताऱ्यास येणारा वाटसरू नीरा ओलांडताच कंपनी सरकारच्या मुलखातून छत्रपतींच्या मुलखात येई. तहात एक कलम मात्र मोठे जाचक होते. महाराजांनी परराज्याशी रेसिडेंटाच्या द्वारेच व्यवहार करावा, परभारे कोणाशीही पत्रव्यवहार ठेवू नये. म्हणजे माणसे नदी ओलांडू शकत होती, बैलगाड्या ओलांडू शकत होत्या. राजाचे पत्र तेवढे ओलांडू शकत नव्हते.

१८३९ साली प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले, तेव्हा त्यांच्यावर ठेवलेल्या आरोपांत गोव्याच्या पोर्तुगीज सरकारशी गुप्त संधान बांधल्याचा आरोप प्रमुख होता. गोव्याशी नाते सांगणाऱ्या आपल्या वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एक मराठी राजा गोव्याशी झालेल्या कथित पत्रव्यवहारापायी सिंहासनास मुकला. रंगो बापूजी गुप्ते आपल्या धन्याची बाजू मांडण्यासाठी लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तेथे झगडून रिकाम्या हातांनी परतले. महाराज १८४७ साली काशीस वारले. पुढल्याच वर्षी त्यांचे बंधू शहाजी उर्फ आप्पासाहेब निवर्तले आणि औरस वारस नाही या सबबीखाली साताऱ्याचे राज्य खालसा झाले.

कृष्णेच्या उगमापाशीही अशीच एक हद्द होती. महाबळेश्वरची थंड हवा इंग्रज अधिकाऱ्यांना मानवली आणि १८२९ साली छत्रपतींकडून तो डोंगरमाथा घेऊन त्याच्या मोबदल्यात वाई भागातील खंडाळा हे गाव देण्यात आले. त्यामुळे साताऱ्याच्या राज्यात इंग्रजी अमलाचे एक बेट तयार झाले. नदीचा जन्म होतो न होतो तोच तिने एक सीमा ओलांडलेली असे.

खाली सांगली-मिरजेच्या बाजूस तर सीमांची गोधडीच होती. पटवर्धनांच्या घराण्यात वाटण्या होत गेल्या. १८०१ च्या सुमारास चिंतामणराव आप्पासाहेब मिरजेहून निघून सांगलीस आले आणि सांगलीचे संस्थान निराळे झाले. पुढे मिरजेच्या थोरली व धाकटी अशा दोन पात्या झाल्या, कुरुंदवाडच्याही झाल्या. त्यांच्याशेजारी जतचे डफळे, औंधचे पंतप्रतिनिधी, कोल्हापूरचे छत्रपती, आणि मधूनमधून इंग्रजांचा सातारा जिल्हा. एका संस्थानचे गाव दुसऱ्या संस्थानच्या मध्यावर असावे, त्याची शेते तिसऱ्याच्या हद्दीत असावीत, असे प्रकार या भागात नित्याचे होते. लोक इंग्रजी अमलाच्या भागास ‘खालसा’ म्हणत आणि उरलेल्यास ‘संस्थानी’. संस्थानी रयत ही कायद्याने ब्रिटिश प्रजा नव्हती. ब्रिटिशांच्या संरक्षणाखालील परकी प्रजा असे तिचे स्थान होते. गुन्हेगार हद्द ओलांडून गेला तर त्यास परत मागून घ्यावे लागे, मालास जकात पडे. आज हे सारे हास्यास्पद वाटते. परंतु तेव्हा ज्यांच्या दारावर शिपाई येई त्यांना ते तसे वाटत नसावे.

या हद्दींचा उपयोगही झाला. १९४३ ते १९४६ या काळात साताऱ्याच्या प्रतिसरकारची हालचाल जेथून चाले ते कुंडल गाव औंध संस्थानात होते. खालसा मुलखातल्या पोलिसांचा हात तेथे तितक्या सहजतेने पोहोचत नसे आणि औंधच्या राजांची वृत्तीही उदार होती. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून निसटले, त्या दिवशी कृष्णा पावसाने दुथडी भरलेली होती. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांना वीरमरण आले, वसंतदादांना गोळी लागली. त्याच कृष्णाकाठी आज दादांची समाधी आहे.

आता ज्या पुलाविषयी लिहावयाचे त्याच्याकडे वळू. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ साली पुरा झाला. तत्पूर्वी सांगलवाडीकडून सांगलीत येणाऱ्यास नावेवाचून गत्यंतर नव्हते. सांगली ही हळदीची आणि गुळाची पेठ. पलीकडे सांगलवाडी आणि तिच्यापुढे इस्लामपूर, वाळवे हा खालसा सातारा जिल्ह्याचा सुपीक टापू. माल तिकडे पिकावा आणि बाजार इकडे भरावा, मध्ये नदी आणि राज्याची हद्द, अशी ही स्थिती होती. पावसाळ्यात कृष्णेला पूर आला की नावा बंद पडत आणि पेठेची एक बाजूच मिटून जाई. सांगलीचे अधिपती श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी हा पूल बांधविला आणि १८ नोव्हेंबर १९२९ रोजी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन करविले. पुलास नावही त्यांचेच मिळाले. संस्थानिकांचा हा शिरस्ताच होता. सांगलीतील विलिंग्डन महाविद्यालय १९१९ साली निघाले ते मुंबईच्या माजी गव्हर्नरांच्या नावे. साहेबाचे नाव दिले की परवानग्या सुलभ होत, असे कोणी म्हटले तर आम्ही त्याच्याशी वाद घालणार नाही. परंतु स्वातंत्र्यानंतरही सांगलीकरांनी या पुलाचे नाव सोडले नाही. ‘आयर्विन’ हे नाव आता तेथे इतके रुळले आहे की तो एका माणसाचे नाव आहे हेही बहुतेकांच्या ध्यानीमनी नसते.

पूल पाहावयाचा तर पावसाळा सरता सरता पाहावा. आम्ही गेलो तेव्हा पाणी ओसरू लागले होते, तरी कमानींच्या पायथ्याशी गाळाचा तांबूस पट्टा स्पष्ट दिसत होता. खाली घाट, वरच्या बाजूस झाडी, दूरवर उसाची हिरवाई, आणि कमानींची ती एकापाठोपाठ एक जाणारी रांग. संध्याकाळच्या उन्हात पुलाची सावली पाण्यात पडली की वरच्या कमानी आणि खालच्या कमानी मिळून वर्तुळे पुरी होतात. सांगलीची पोरे पुराच्या पाण्यात या पुलावरून उड्या घेतात. त्यांच्या आयांना ते मान्य नसते, आणि नदीत मगरीही आहेत. तरी उड्या थांबत नाहीत. होड्यांच्या शर्यती होतात तेव्हा काठ माणसांनी फुलून जातो.

सांगलीच्या माणसाला मात्र हा पूल प्रथम आठवतो तो पुराच्या मापासाठी. ‘आयर्विनला किती?’ हा प्रश्न पावसाळ्यात घरोघरी विचारला जातो. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीस फुटांना धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांवर गेले, हरिपूरकडील हळदीची पेवे बुडाली आणि जमिनीत साठविलेले सोने मातीमोल झाले. ऑगस्ट २०१९ मध्ये माप ५७ फुटांच्याही वर चढले. त्या पुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना वाचविणारी बोटच उलटली आणि कितीतरी जीव गेले. त्यांत स्त्रिया आणि लेकरे होती. २०२१ साली पुन्हा पूर आला. नव्वद वर्षांहून अधिक काळ हे सारे लोंढे अंगावर घेऊन पूल उभा राहिला.

तथापि उभा राहिला म्हणून तो तसाच राबवीत राहावे काय? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील इंग्रजी अमदानीतला पूल पुरात वाहून गेला आणि दोन एस. टी. गाड्यांसह अनेक माणसे काळोखात नाहीशी झाली. तेव्हापासून जुन्या पुलांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. आयर्विनवरून अवजड वाहने नेण्यास मनाई झाली आणि शेजारी समांतर पूल उभारण्यात आला. आता प्रश्न आहे तो जुन्या पुलाचे काय करावयाचे हा. नवा पूल आला की जुना पाडावा किंवा ढासळू द्यावा, ही आपल्याकडील रीत आहे. आमच्या मते आयर्विन पूल पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी राखून ठेवावा, त्याच्या सांध्यांतून उगवणारे पिंपळ-वड वेळीच काढावेत आणि त्याच्या दोन्ही तोंडांशी चार ओळींचा फलक लावावा. त्या चार ओळींत काय लिहावे, याचा विचार करताना आम्हांस ज्या माणसाचे नाव पुलास आहे त्याच्या चरित्राकडे जावे लागले, आणि तेथे अनपेक्षितपणे आपल्या धर्मबंधूंची एक कहाणी हाती लागली.

एडवर्ड वुड, म्हणजेच लॉर्ड आयर्विन, यांनी ३ एप्रिल १९२६ रोजी व्हाइसरॉयपदाची सूत्रे घेतली. त्या वर्षी तो दिवस पवित्र शनिवारचा होता. ते अँग्लिकन पंथाचे, त्यातही मिस्साविधी आणि संस्कारांना मोठे मोल देणाऱ्या परंपरेतले, नित्य उपासना करणारे गृहस्थ होते. त्यांचे वडील लॉर्ड हॅलिफॅक्स यांनी आपले दीर्घ आयुष्य एका ध्यासापायी वेचले. अँग्लिकन सभा आणि रोमन कॅथलिक सभा यांचे पुनर्मीलन व्हावे, हा तो ध्यास. बेल्जियममधील मालीन येथे १९२१ पासून कार्डिनल मर्सिए यांच्या निवासस्थानी दोन्ही बाजूंच्या धर्मपंडितांची जी बोलणी झाली, त्यांच्यामागे हे वृद्ध लॉर्ड होते. जानेवारी १९२६ मध्ये कार्डिनल मृत्युशय्येवर असताना त्यांनी आपली बिशपपदाची अंगठी हॅलिफॅक्स यांना दिली. पुढे ती एका चषकात बसविण्यात आली आणि तो चषक यॉर्कच्या महामंदिरात ठेवला गेला. बोलण्यांतून त्या वेळी काही निष्पन्न झाले नाही. पुत्र मात्र त्याच वर्षी हिंदुस्थानात आला.

सांगलीस पुलाचे उद्घाटन करण्यापूर्वी अवघे अठरा दिवस, ३१ ऑक्टोबर १९२९ रोजी, आयर्विन यांनी हिंदुस्थानला वसाहतीचे स्वराज्य देणे हे ब्रिटिश धोरणाचे स्वाभाविक साध्य आहे, अशी घोषणा केली होती. सांगलीनंतर महिनाभराने, २३ डिसेंबरला, दिल्लीजवळ क्रांतिकारकांनी त्यांच्या आगगाडीखाली बाँब उडविला, ते बचावले. ५ मार्च १९३१ चा गांधी-आयर्विन करार सर्वांस ठाऊक आहे. आपल्या इतिहासात त्यांचे प्रकरण येथे संपते. पण ते मायदेशी परतले, वडिलांच्या पश्चात लॉर्ड हॅलिफॅक्स झाले, आणि १९३८ साली ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री झाले. म्यूनिकच्या नामुष्कीत त्यांचा वाटा होता हे लपविण्याचे कारण नाही. परंतु २५ ऑगस्ट १९३९ रोजी पोलंडवर आक्रमण झाल्यास ब्रिटन त्याच्या बाजूने लढेल, या करारावर ब्रिटनतर्फे सही केली ती याच हॅलिफॅक्स यांनी. आठवड्याने हिटलरचे सैन्य पोलंडमध्ये शिरले, आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएट सैन्य शिरले. करार होऊनही पोलंड वाचले नाही.

त्या पोलंडचे लोक पुढे आयर्विन पुलापासून काही कोसांवर कृष्णा ओलांडून गेले.

येथे थोडे थांबून रेल्वेची हकीकत सांगितली पाहिजे. पुण्याहून सातारा जिल्ह्यातून मिरजेकडे आणि पुढे बेळगाव-लोंढ्याकडे जाणारा मीटरगेज मार्ग १८९० च्या सुमारास पुरा झाला. मिरजेहून कोल्हापूरकडे जाणारा फाटा कोल्हापूर दरबाराचा. त्याची पायाभरणी १८८८ साली कुमार वयातील शाहू महाराजांच्या हस्ते झाली आणि १८९१ साली गाड्या सुरू झाल्या. हा फाटा अंकलीपाशी कृष्णा ओलांडतो. अलीकडे पटवर्धनी मुलूख, पलीकडे शिरोळ-जयसिंगपूरची कोल्हापुरी बाजू. दोन राज्यांना जोडणारा खरा हद्दीवरचा पूल म्हणावयाचा तर तो हाच. पुण्यात गाडीत बसलेला प्रवासी खालसा मुलूख, औंध, सांगली, मिरज असे करीत कोल्हापूरला पोहोचेपर्यंत चारपाच दरबारांच्या हद्दी झोपेतच ओलांडून जाई.

आपल्या कित्येक कुटुंबांच्या आठवणी या मार्गाशी जखडलेल्या आहेत. गोमंतकातून पुण्यास आलेली घरे मे महिन्यात किंवा फेस्ताला गावी जात ती याच रुळांवरून. मिरजेस फलाटावर जेवण, कुडचीला पुन्हा कृष्णेचा पूल, लोंढ्यास गाडी बदल, आणि मग कॅसलरॉक. तेथे मात्र खरीखुरी आंतरराष्ट्रीय हद्द होती. तिच्या अलीकडे हिंदुस्थान, पलीकडे कुळ्यास पोर्तुगीज जकातदार. ट्रंका उघडल्या जात, नव्या लुगड्यांवर आणि बाटल्यांवर वाद होत. १९५५ साली सत्याग्रहानंतर ही गाडीच बंद पडली आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत कितीतरी मुलांना आईबापांच्या अंत्यविधीलाही वेळेवर पोहोचता आले नाही. आजरा, गडहिंग्लज, चंदगड भागातील आपले बारदेशकर बांधव तर शतकांपूर्वी त्या हद्दीवरून घाट चढून वर आलेले. हद्द म्हणजे काय, हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती. ख्रिस्तसभेने मात्र आपला संसार मांडताना दरबारांच्या हद्दी फारशा मनावर घेतल्या नाहीत. १ सप्टेंबर १८८६ रोजी पुणे धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा खालसा आणि संस्थानी दोन्ही मुलखांतली मेंढरे एकाच मेंढपाळाच्या हाती आली.

आता पोलिश लोकांकडे वळू. सोव्हिएट सत्तेने १९४० आणि १९४१ मध्ये पूर्व पोलंडमधून लक्षावधी लोकांना उचलून सायबेरिया आणि मध्य आशियात नेऊन टाकले. १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली, परंतु जावयाचे कोठे? पुरुष जनरल अँडर्स यांच्या सैन्यात दाखल झाले. बायकामुले, म्हातारेकोतारे त्यांच्यामागोमाग उझबेकिस्तानातून निघाली, १९४२ साली कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. टायफसने आणि उपासमारीने वाटेत किती गेले याची गणती नाही. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना आसरा दिला ही गोष्ट आता बरीच प्रसिद्ध आहे. त्याहून मोठी वसाहत मात्र आपल्या भागात होती. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ साली सुमारे पाच हजार पोलिशांसाठी छावणी उभी राहिली. साताऱ्याच्या पाचगणीतही दुबळ्या प्रकृतीच्या मुलांसाठी आरोग्यकेंद्र काढण्यात आले, कारण ती हवा छातीच्या विकारांना चांगली.

हे लोक इराणहून कराचीस, आणि कराचीच्या तात्पुरत्या छावणीतून पुढे आले. रेल्वेने कोल्हापूरला जावयाचे तर मिरजेवाचून दुसरी वाट नव्हती, आणि मिरजेहून पुढे कृष्णेचा पूल. म्हणजे ती माणसे त्या पुलावरून गेली. व्होल्गेच्या आणि आमूदर्याच्या काठाने आलेल्या त्या बायकांनी खिडकीतून खाली पाहिले असेल तेव्हा त्यांना काय वाटले असेल, हे आम्ही कसे सांगावे? पटवर्धनांची हद्द संपून छत्रपतींची लागली, हे त्यांना कोणी सांगितलेही नसेल.

वळिवड्यास त्यांनी चर्च उभारले, शाळा काढल्या, स्काऊट पथके चालविली, नाटके केली. घरे साधी, चटयांच्या भिंतींची आणि कौलारू. बहुतेक सारी वस्ती स्त्रिया आणि मुले यांची. घरचे कर्ते पुरुष आघाडीवर. मे १९४४ मध्ये इटलीतील मोंते कसिनो, जेथे संत बेनेडिक्ट यांचा प्राचीन मठ होता, ती टेकडी अखेर पोलिश सैनिकांनी जिंकली. तिच्यासाठी आधी झालेल्या लढायांत भारतीय पलटणींचेही रक्त सांडले होते. वळिवड्याच्या छावणीत आणि साताऱ्याच्या खेड्यांत, इटलीतून येणाऱ्या तारेची भीती सारखीच असली पाहिजे.

१९४५ च्या फेब्रुवारीत याल्टा येथे तिघा बड्यांनी पोलंडची पूर्व सीमा ठरविली. ती सर्वसाधारणपणे ‘कर्झन रेषे’ला धरून होती. हे कर्झन म्हणजे बंगालची फाळणी करणारे आपले जुने व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन. १९२० साली ते ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री असताना त्यांच्या नावाने ती रेषा सुचविण्यात आली होती. वळिवड्याच्या लोकांची गावे बहुधा त्या रेषेच्या पूर्वेस. म्हणजे युद्ध जिंकले गेले, आणि त्यांची घरे परक्या देशात गेली. हिंदुस्थानच्या एका व्हाइसरॉयचे नाव त्यांच्या घराच्या आड येणाऱ्या सीमेला, आणि पोलंडच्या रक्षणाची सही करणाऱ्या दुसऱ्याचे नाव त्यांच्या छावणीपासून काही कोसांवरील पुलाला. हा योगायोग छावणीत कोणाच्या लक्षात आला होता की नाही कोण जाणे. १९४६ साली बालाचडीची मुलेही वळिवड्यास येऊन मिळाली.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये आपल्या देशाचीही फाळणी झाली आणि नव्या सीमा आखल्या गेल्या. ब्रिटिश अंमल संपला तसे छावणीचे दिवसही भरले. १९४७ आणि १९४८ मध्ये पोलिश कुटुंबे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशी जगभर पांगली. थोडी पोलंडला परतली. सांगलीसह दख्खनची संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी झाले. खालसा तालुके आणि संस्थानी तुकडे एकत्र शिवून ‘दक्षिण सातारा’ नावाचा जिल्हा तयार झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. पाच-सहा वर्षांच्या अवधीत वळिवड्याची माणसे गेली, आणि ज्या हद्दी ओलांडून ती आली होती त्याही गेल्या.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या लोकांचे स्मारक आहे. गावातील दफनभूमीत त्यांच्यापैकी जे येथेच राहिले त्यांच्या कबरी आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये, म्हणजे महापूर ओसरून महिना होतो न होतो तोच, त्या छावणीत वाढलेली काही मुले, आता ऐंशी-नव्वदीच्या घरातली, वळिवड्यास पुन्हा आली आणि तेथे स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले. वॉर्सा शहरातही ‘कोल्हापूर’ या नावाचे स्मारक आहे. १९८६ साली पुण्यास येऊन गेलेले संत पोप जॉन पॉल दुसरे त्याच देशाचे.

छावणी मात्र ओस पडली नाही. पोलिश लोक निघाले आणि त्यांनी सोडलेल्या त्या खोल्यांत सिंधमधून निर्वासित होऊन आलेले सिंधी लोक उतरले. ज्या कराचीहून पोलिश आले त्याच बाजूने तेही आले होते. वस्तीला गांधीनगर असे नाव पडले. आज तेथे कापडाची मोठी बाजारपेठ आहे, आणि लग्नसराईत सांगली-मिरजेची आपली माणसेही अंकलीचा पूल ओलांडून खरेदीला तेथेच जातात.